मिटलेली काजं

ताईच्या शिलाईच्या दुकानात तीन गोष्टींबद्दल तोंड उघडायची कुणाला मुभा नव्हती: तिचं माप, तिची तारीख आणि तिचा धाकटा भाऊ. माप चुकलं म्हणणाऱ्याला ती पुन्हा टेपसमोर उभं करायची आणि कपडा आखूड झालेला नसून गिऱ्हाईकच रुंद झालंय, हे चारचौघांत सिद्ध करायची. तारीख उलटली म्हणणाऱ्याला पावतीचा कोपरा दाखवायची. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात 'अंदाजे' असं लिहिलेलं असायचं. आणि भावाबद्दल कुणी नुसती भुवई उचलली, तरी त्याचं कापड न शिवता घडी घालून त्याच्या हातात परत जायचं. शाळेचे गणवेश तिच्याइतके नीट आसपास कुणी शिवत नव्हतं, त्यामुळे भुवया जागच्या जागी राहायच्या.

धाकटा दुकानाच्या खिडकीशी बसून काज-बटण करायचा. वय चौतीस, केस चापून विंचरलेले, बोलणं मोजकं. बाकीच्या दुकानांनी काजांसाठी मशीन आणलं होतं, पण धाकट्याच्या हातचं काज पाहून मशीनने लाजून बंद पडावं. पोरं शर्ट फाडायची, बाह्या उसवायची, कॉलर चघळून ठेवायची. काज मात्र हूं की चूं करायचं नाही. "कापड संपेल, काज राहील," असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

आठ वर्षांपूर्वी मात्र याच खिडकीत भलतंच घडलं होतं. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर धाकट्याने आठ डझन शर्टांची काजं, स्वतः केलेली, स्वतःच शिवून बंद करून टाकली. मुख्याध्यापिकाबाईंनी गठ्ठा सोडला तेव्हा एकाही शर्टाला बटण लागेना. विचारलं तर म्हणाला, "त्यांच्यातून बघतायत." कोण बघतंय ते काही सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी घरातून निघून गेला. अकराव्या दिवशी कुठल्याशा लांबच्या बस डेपोत सापडला. पायात चप्पल नव्हती, आणि त्याने ताईलाही ओळखलं नाही. त्या अकरा दिवसांत ताईने मशीनच्या पायडलला पाय लावला नव्हता. तेव्हाची भीती तिच्या पोटात अजून तशीच होती; ती फक्त कुणाला दाखवत नव्हती.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. नाव घेताना जीभ अडखळायची, पण औषध सोपं होतं: रोज एक छोटी पांढरी गोळी. तीनेक महिन्यांत धाकटा हळूहळू परत आला. आधी झोप आली, मग भूक, मग सुई-दोरा. पुढे गोळी गावातल्या आरोग्य केंद्रातच फुकट मिळायला लागली. ताई दर महिन्याला डबी न्यायची, कंपाउंडर ती भरून द्यायचा. आठ वर्षं हे सगळं इतकं सुरळीत चाललं की त्यात काही विशेष आहे हेच सगळे विसरून गेले.

मग एके दिवशी कंपाउंडरने डबी रिकामीच परत केली.

"साठा संपलाय."

"कधी येईल?"

"आला की येईल."

ताई औषधांच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "ती आम्ही ठेवत नाही हो, खप नाही तिला. खोकल्याचं देऊ का? चांगलं आहे." ताईने घरात उरलेल्या गोळ्या कात्रीने अर्ध्या केल्या. कापड कमी पडलं की बेत बसवायचा, ही तिची जन्माची सवय; तिला वाटलं गोळीतही बसेल. दहा दिवसांत अर्ध्याही संपल्या. मग ती बसने दोन तास प्रवास करून मोठ्या दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहिली, आणि इथे तिच्या हातून एक चूक झाली.

कारकुनाने केसपेपर ओढून घेतला आणि मान वर न करता विचारलं, "पेशंट कसा आहे?"

झालं! आठ वर्षांत कुणी हा प्रश्न विचारलाच नव्हता. ताईच्या अंगात अभिमान संचारला. "एकदम छान! स्वतःचं स्वतः उठतो, आंघोळ करतो, दिवसाला साठ काजं करतो. बघून कुणाची माय म्हणणार नाही की याला कधी..."

कारकुनाने धपकन शिक्का मारला. निळ्या अक्षरांत केसपेपरवर उमटलं: स्थिर.

"स्थिर पेशंटला इथून औषध मिळत नाही. पाटी वाचा."

पाटीवर खरंच तसं होतं. औषधांचा पुरवठा अपुरा असल्याने इथून फक्त अस्थिर रुग्णांना औषध मिळेल. स्थिर रुग्णांनी जवळच्या आरोग्य केंद्रातून घ्यावं.

"तिथे नाही म्हणून तर इथे आले!"

"मग तिथे आलं की तिथून घ्या."

"आणि तोवर?"

"तोवर ते स्थिर आहेतच ना. तुम्हीच सांगितलंत."

"अहो, शिवण उसवत नाही म्हणून कुणी टाका काढून घेतं का?"

"मी शिंपी नाही, बाई," कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यामागे कपाटाचे दोन खण रिकामे दिसत होते आणि ताईच्या मागे चाळीस माणसं उभी होती. "अस्थिर झाले की गुरुवारी घेऊन या. मनाचे डॉक्टर बसतात. लगेच मिळेल."

ताई घरी आली ती स्वतःवरच चरफडत. जन्मात एकदा भावाचं कौतुक मोकळेपणी केलं, आणि त्या कौतुकानेच गोळी खाल्ली.

ताईचा नवरा बसमध्ये कंडक्टर होता आणि हौशी नाटक मंडळात प्रॉम्प्टर. वीस वर्षं तो विंगेत नाटकाचं बाड घेऊन उभा राहिला होता. राजा, चोर, विधवा, इन्स्पेक्टर, सगळ्यांची वाक्यं त्याला तोंडपाठ; पण उजेडात ये असं त्याला कुणी कधी म्हटलं नाही. सवय अशी जडली होती की बसमध्येसुद्धा तो "पुढे सरका" हे कुजबुजून सांगायचा, आणि अर्थातच कुणी सरकायचं नाही. बायकोची हकीकत ऐकून त्याचे डोळे चमकले.

"अगं, सोपं आहे! त्यांना अस्थिर पाहिजे ना? देऊ. वेड पांघरून पेडगावला जायचं, बस."

"खोटं बोलायचं?"

"खोटं कुठे आहे त्यात? आजार खरा, कागद खरा, गोळी खरी. फक्त दहा मिनिटांपुरता चेहरा खोटा."

ताईला हे पटलं नाही. पण रिकामी डबी समोर होती, आणि ते अकरा दिवस ती विसरली नव्हती. तिने मान डोलावली. त्या आठवड्यात धाकटा खिडकीकडे पाठ करून बसायला लागला होता. ताईला वाटलं, ऊन डोळ्यांवर येतंय. तिने खिडकीला पडदा लावून दिला. "बरं झालं," धाकटा म्हणाला.

मंगळवारी दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून तालीम सुरू झाली. नवऱ्याने तिकिटांच्या जुन्या गठ्ठ्याच्या पाठकोऱ्या बाजूवर चक्क नाटक लिहून काढलं होतं, कंसातल्या सूचनांसकट.

"हं, मेहुणेबुवा. पान एक. केस विस्कटलेले. उजवीकडून प्रवेश. आल्या आल्या भिंतीशी बोलायचं."

"भिंतीशी काय बोलू, भावोजी?"

"काहीही बोल. ती काय उत्तर देणारे?"

धाकट्याने भिंतीकडे नीट पाहिलं. "ओल आलीये तुला," तो सहानुभूतीने म्हणाला.

"अरे, असं नाही रे! भिंतीची विचारपूस नाही करायची! बरं, ते सोड. आता हस. मोठ्याने, विनाकारण."

"का?"

"वेडा माणूस विनाकारण हसतो."

"मी हसत नव्हतो, भावोजी," धाकटा सावकाश म्हणाला. "तेव्हा मी मुळीच हसत नव्हतो."

इथे कुणीतरी थांबून पुढे विचारायला हवं होतं. पण नवरा पान दोन शोधत होता आणि ताई हरवलेला खडू. "मधेमधे बोलू नकोस रे," ती म्हणाली, "ते सांगतायत तेवढं कर. तुझ्याच भल्यासाठी चाललंय हे."

"बघ, मी करून दाखवतो," नवरा म्हणाला. वीस वर्षांची वाट बघणं एकदम अंगात आलं. त्याने केस पिंजारले, शर्ट बाहेर काढला, इस्त्रीकडे बोट दाखवलं आणि असा काही हसला की ताईचा हात मशीनवरच थबकला. हसणं ऐन रंगात आलं असताना अर्ध्या दारातून वाकून मुख्याध्यापिकाबाई आत आल्या. त्यांनी इस्त्रीकडे पाहिलं, कंडक्टरकडे पाहिलं, मग ताईच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "यांनाही?"

संध्याकाळपर्यंत दोन शेजारणी ताईचं सांत्वन करून गेल्या, आणि डेपोतून साहेबांचा निरोप आला की बरं वाटेपर्यंत दोन दिवस रजा घ्या, इथलं आम्ही बघतो. गुरुवारच्या रजेचा प्रश्न तरी परस्पर सुटला.

गुरुवारी सकाळी नवऱ्याने रजेवर असूनही कंडक्टरची वर्दी चढवली. वर्दी पाहिली की रांगेतले लोक जागा देतात, असा त्याचा अनुभव होता. बाड छातीच्या खिशात ठेवायला गेला तर खिशाचं झाकण उघडेना.

"स्टार्च किती घातलंस गं? खिसा चिकटलाय पार!"

"तुमच्या खिशात उघडून बघण्यासारखं असतं तरी काय?" ताई आतून ओरडली. बसची वेळ झाली होती. नवऱ्याने पेन कानावर अडकवलं, बाड हातात धरलं आणि तिघं निघाले.

दवाखान्याच्या बाकावर दोन तास गेले. नवरा ओठ हलवत सगळं नाटक मनातल्या मनात म्हणत होता, मधेच कपाळावर हात मारत होता, मधेच छताकडे बघून मान डोलवत होता. शेजारी धाकटा गुडघे जुळवून शांत बसला होता. शिपाई बाहेर आला, त्याने दोघांकडे नीट पाहिलं आणि कंडक्टरचा दंड धरला. "चला, काका. घाबरायचं नाही, मॅडम चांगल्या आहेत." त्याच्या तावडीतून नवऱ्याला सोडवताना ताईच्या नाकी नऊ आले. वर शिपायाने नियमही सांगितला: पेशंटबरोबर एकच माणूस आत.

ताई धाकट्याला घेऊन आत गेली. भावोजींनी बाहेर विस्कटून दिलेले केस धाकट्याने उंबऱ्यातच तळहाताने पुन्हा चापून बसवले. खोली लहान होती: टेबल, दोन खुर्च्या, तपासायचं बाकडं, आणि बाकड्यापुढे हिरवा पडदा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं, टेबलावर साय धरलेला चहा. चार तालुक्यांत त्या एकट्याच, असं बाहेरच्या बाकावर कुणीतरी सांगितलं होतं.

"बोला," त्या धाकट्याला म्हणाल्या. "काय होतंय?"

धाकटा पान एक आठवू लागला.

"हा-हा-हा... मोठ्याने..." कुठूनतरी कुजबूज आली.

ताईने पडद्याकडे पाहिलं. पलीकडच्या इंजेक्शनच्या खोलीचं एक दार थेट त्या पडद्यामागे उघडतं, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्याला मात्र विंगेची वाट जगात कुठेही सापडायची.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. धाकटा प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, मला हसायला सांगितलंय. पण हसू येत नाहीये."

"कुणी सांगितलंय?"

ताईला खोकल्याची मोठी उबळ आली. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे दुर्लक्ष करून पेन खाली ठेवलं आणि मऊ आवाजात विचारलं, "तुम्हाला आवाज ऐकू येतात का? आसपास कुणी नसताना?"

"हो म्हण! हो म्हण! पान दोन!" पडदा म्हणाला.

"हा भावोजींचा," धाकट्याने खुलासा केला. "ते पडद्यामागे आहेत."

डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्यांनी पडदा सर्रकन बाजूला केला. मागे वर्दीतला एक माणूस, कानावर पेन, हातात बाड. वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्यावरून पडदा उघडला होता, आणि त्याला एक शब्द आठवेना.

"तुम्ही कोण?"

"मी... कुणी नाही," तो म्हणाला. "मी प्रॉम्प्टर."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातातून बाड काढून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. "'उजवीकडून प्रवेश.' 'भिंतीशी संवाद, ऐच्छिक.' 'इथे बहिणीने हंबरडा फोडावा.'" त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. मग एकदम हसू थांबलं. "हे कशासाठी?"

ताई हंबरडा फोडणार नव्हती, पण फुटला. तिने सगळं सांगून टाकलं: डबी, अर्ध्या गोळ्या, कौतुक, शिक्का. सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती. एवढ्या लांब येऊन हात दाखवून अवलक्षण केलं. आता खोटारडे म्हणून हाकलतील, गोळी जाईल ती कायमची, आणि पुढच्या खेपेला धाकटा कुठल्या डेपोत सापडेल, सापडेल का, हे कोण सांगणार? "मॅडम, काय शिक्षा द्यायची ती मला द्या," ती म्हणाली. "तो खरंच छान आहे हो. छान राहावा एवढंच पाहिजे."

डॉक्टरीणबाई काहीतरी बोलणार, एवढ्यात धाकट्याने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मॅडम, मघाचा आवाज भावोजींचा होता. दुसरा वेगळा आहे."

डॉक्टरीणबाई खाली बसल्या. "सांगा."

"एक बाई आहे," धाकटा म्हणाला. तो दिवसातून एरवी बोलायचा त्याहून जास्त आत्ताच बोलत होता. "गोळी चालू असते तेव्हा ती शेजारच्या घरात असते. बोलत असते, पण तिच्या घरी. भिंतीपलीकडून काय, नुसती कुजबूज येते. आपण आपलं काम करावं. आता गोळी नाही. सहा दिवस झाले, ती आपल्या घरात आलीये. माझ्यामागे उभी राहते. म्हणते, बघतायत, बंद कर."

"आठ वर्षं?" ताईच्या तोंडून निघालं. "आठ वर्षं शेजारी आहे, आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू कुठे विचारलंस, ताई? तू विचारतेस, गोळी घेतली का. मी सांगतो, घेतली."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ताईला तक्रार चालली असती. तिने त्याचं जेवण पाहिलं होतं, झोप पाहिली होती, साठ काजं मोजली होती. आत काय चाललंय, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्याला वेड्याचं सोंग शिकवायला मात्र दोन दिवस खर्ची घातले होते.

"ब्लडप्रेशर बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाही वर करा."

धाकट्याने हात पुढे केला, पण बाही काही वर करेना. डॉक्टरीणबाईंनी कफाचं बटण सोडवायचा प्रयत्न केला, निघेना. ताई मदतीला वाकली आणि तशीच राहिली. कफाचं काज बटणाभोवती शिवून टाकलेलं होतं. त्याच रंगाचा दोरा, टाके इतके बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. गिऱ्हाइकाच्या अंगावरचा वाकडा टाका रस्त्याच्या पलीकडून ओळखणारी ताई सकाळपासून त्याच्या शेजारी बसली होती. तिने दुसरा कफ पाहिला, मग गळ्याचं बटण, मग खालची सगळी. एकूण एक बंद.

"कधी केलंस रे हे?"

"आज सकाळी. अंगात घातल्यावर." मग त्याने थोडं ओशाळून जोडलं, "भावोजींच्या खिशांनाही टाके घातलेत, परवा, तालमीनंतर. ते दिवसभर लोकांत असतात ना. त्यांना जास्त धोका."

कंडक्टरने छातीवरच्या खिशाच्या झाकणाला हात लावला. सकाळी स्टार्चच्या नावाने शिव्या घातलेल्या त्या झाकणाखाली बोट जाईना. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि या खेपेला त्याला सुचवायला कुणीच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर लिहिलं: 'औषध असताना स्थिर. औषध नसताना अस्थिर. औषध बंद करू नये.' बंद करू नये, याखाली दोनदा रेघ ओढली. "आणि अर्धी गोळी वगैरे बेत पुन्हा बसवायचा नाही," त्या ताईला म्हणाल्या. "आज वेळेवर आलात. अजून पंधरा दिवसांनी आला असतात, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होती."

खिडकीतला कारकून केसपेपर वाचून वैतागला. "हे काय? दोन्ही चालत नाही. स्थिर की अस्थिर, एकच पाहिजे."

"दोन्ही खरं आहे," ताई म्हणाली.

"खरं असेल हो, पण शिक्का एकच बसतो."

शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः उठून खिडकीशी आल्या. डॉक्टर निघाल्या असं समजून बाहेरच्या रांगेने हळहळ व्यक्त केली. त्यांनी पाटीकडे पाहिलं, रिकाम्या खणांकडे पाहिलं, आणि कारकुनाला म्हणाल्या, "तुम्ही चष्मा लावता. तुम्हाला छान दिसतंय म्हणून चष्मा काढून घेऊ का?" कारकुनाने चष्म्याला हात लावून खात्री केली आणि निमूटपणे दुसरा शिक्का उचलला. लाल अक्षरांत उमटलं: अस्थिर. आठवडाभर ज्या शिक्क्यासाठी जीव टाकला, तो पडला, आणि ताईला तो बघवेना. तिने केसपेपर उलटा धरून गोळ्या घेतल्या. महिन्याभराच्या होत्या.

"पुढच्या महिन्यात या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आरोग्य केंद्राला मी पत्र लिहिते. आणि या खेपेला नाटक नको. पण ते बाड माझ्याकडे राहू द्या, वाईट दिवसांत वाचीन."

परतीच्या बसमध्ये ताईने पर्समधून ब्लेड काढलं. ती नवऱ्याच्या खिशाकडे वळली, तर त्याने हाताने झाकण दाबून धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "त्याला बरं वाटेपर्यंत राहू दे."

मग कंडक्टर बंद खिशांनी नोकरी करू लागला. पेन कानावर, रुमाल मनगटाला, शिट्टी गळ्यात. डेपोतल्या लोकांनी माना हलवल्या आणि साहेबांनी आणखी दोन दिवसांची रजा देऊ केली. मुख्याध्यापिकाबाई बसमध्ये चढल्या की त्याच्याशी फार प्रेमाने बोलायच्या. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. आरोग्य केंद्राचा कंपाउंडर मात्र स्वतःहून दुकानात सांगायला आला: "मॅडमचं पत्र आलंय."

"आणि गोळी?"

"पत्र आलंय," तो पुन्हा म्हणाला.

ताई आता रोज संध्याकाळी दुकान आवरताना विचारायची, "कशी आहे ती?" धाकटा कधी म्हणायचा, "मागे उभी आहे." कधी, "दारात." एकदा म्हणाला, "आज तुझ्याबद्दल बोलली. तू फार ओरडतेस म्हणाली." ताई म्हणाली, "तिला म्हणावं, तुझं माप देऊन जा, मग ओरडते," आणि धाकटा हसला. विनाकारण नव्हे, कारण चांगलं होतं.

एकविसाव्या की बाविसाव्या दिवशी शाळेची मोठी ऑर्डर होती. दुकानात आया, पोरं, टेप, खडू यांचा नुसता गोंधळ. आवरता आवरता ताई दाराला कुलूप शोधत होती, तेवढ्यात कपडे घालून बघायच्या पडद्यामागून कुजबूज आली.

"विचार ना... कशी आहे ती..."

ताई चमकली. पडद्याखाली कंडक्टरचे बूट दिसत होते. ती धाकट्याकडे वळली. तो खिडकीशी बसला होता, तोंड रस्त्याकडे करून, आणि ऊन थेट त्याच्या हातांवर येत होतं. खिडकीचा पडदा कुणी कधी काढला ते तिला कळलं नव्हतं.

"कशी आहे रे ती?"

धाकट्याने थोडा वेळ कान दिला.

"गेली वाटतं शेजारी," तो म्हणाला. मग त्याने ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि हाक मारली, "भावोजी, बाहेर या. खिसा उघडून देतो."

नवरा पडद्यातून बाहेर उजेडात आला आणि त्याच्यासमोर ताठ उभा राहिला. धाकट्याने एकेक टाका असा कापला की कापडाला ओरखडाही उठला नाही. दोन्ही खिसे मोकळे झाले. मग त्याने भावोजींच्या कानावरचं पेन काढलं, खिशात ठेवलं आणि बटण लावून दिलं.

डबीत आठ गोळ्या उरल्या होत्या. ताईने नवऱ्याला पुढच्या गुरुवारची बस विचारली.